भिंतीतला वास

लोक मला उंदीरवाला म्हणतात. फोनमध्येही याच नावानं ठेवतात. मी प्रत्येकाला सांगून थकलो, अहो, मी उंदीर मारत नाही, मी भोकं बुजवतो. मारणारे वेगळे. ते येतात, कोपऱ्याकोपऱ्यात विषाच्या वड्या टाकतात, आणि आठ दिवसांनी घरभर वास सुटला की फोन उचलत नाहीत. मग तो वास कुठून येतोय हे शोधायला मलाच बोलावतात. त्या कामात माझा हात धरणारा या भागात कोणी नाही. भिंतीला नाक लावून गुडघ्यावर रांगत जातो आणि बोट ठेवून सांगतो, इथे फोडा. तिथेच सापडतो. ही बढाई नाही. पुढे काय झालं ते कळायला हे माहीत असावं लागेल.

भोकं बुजवायचं काम तसं सोपं आहे. जिथे माणसाचा अंगठा जातो तिथे उंदराचं डोकं जातं, आणि डोकं गेलं की बाकीचा उंदीर मागोमाग येतो. नळाच्या पाइपाभोवतीची फट, दाराखालची फट, खिडकीच्या चौकटीचा कुजलेला कोपरा, न्हाणीघराची जाळी. फटीत आधी भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची, वरून काच कुटून घातलेलं सिमेंट थापायचं. हे कोणालाही जमेल. लोकांना जमत नाही ते शेवटचं भोक. सगळी भोकं बंद करायची, पण एक ठेवायचं, आणि त्याला बाहेरच्या अंगानं पत्र्याची झडप लावायची. आतून ढकलली की उघडते, बाहेरून उघडत नाही. आतले उंदीर तिथून निघून जातात आणि त्यांना परत येता येत नाही. संध्याकाळी जमिनीवर पीठ भुरभुरायचं, सकाळी पावलं बघायची. ओळीनं तीन सकाळी पीठ कोरं राहिलं की मगच ते शेवटचं भोक बुजवायचं.

तीन म्हणजे तीन. मी एकदा दोन सकाळींवर भोक बंद केलं म्हणून, ज्या गवंड्याच्या हाताखाली मी शिकलो त्यानं मला चारचौघांत कानाखाली वाजवली होती. आत अडकलेल्या उंदराला ना जायला वाट, ना खायला काही. तो मग मिळेल ते खातो. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की मी हे सगळं ऐकवतो, आणि तरी ऐकलं नाही तर हत्यारं पिशवीत भरून चालायला लागतो. माझा स्वभाव तापट आहे, असं सगळे म्हणतात. असेल.

आमचं घर तळमजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात मी आणि आई. माझं लग्न टिकलं नाही, त्याला आता बारा वर्षं झाली, त्यावर बोलायला नको. आईला साखर आहे. होती. वीसएक वर्षं. गेली चार वर्षं तिच्या पायांना काही कळत नव्हतं. चालताना पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं, म्हणायची. एकदा गरम पाण्याच्या पिशवीनं टाच भाजली आणि तिला ते संध्याकाळी मोजा काढताना दिसलं. तेव्हापासून डॉक्टरीणबाईंनी मला ताकीद दिली होती की रोज संध्याकाळी पाय उजेडात धरायचे, तळवे बघायचे, बोटांच्या मधे बघायचं, मलम लावायचं. मी चार वर्षं ते नेमानं केलं. एक दिवस चुकवला नाही.

तिचा पलंग रस्त्याच्या खिडकीशी होता. तिथे बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घ्यायची. पेपरवाला आज उशिरा आला, शिंपीणबाईंनी केस कापले, समोरच्या मास्तरांचा जावई पुन्हा आलाय, म्हणजे नोकरी सुटलेली दिसते. मी कामावरून आलो की सगळा वृत्तांत. मी वैतागायचो, म्हणायचो, आई, मला हातपाय तरी धुऊ दे. पण ज्या दिवशी ती काही सांगायची नाही त्या दिवशी मला जेवण जायचं नाही.

मागच्या बाजूचं धान्याचं जुनं कोठार पाडायला घेतलं आणि तिथले उंदीर गल्लीत पांगले. मी दुसऱ्यांच्या घरी कामं करत फिरत होतो. उंदीरवाल्याच्याच घरात उंदीर, सगळी गल्ली हसत होती. मी म्हणत होतो, करतो, करतो. मग एका रविवारी ताई आली, माझी मोठी बहीण, आणि आईशी बोलत असताना पलंगाच्या पायथ्याशी चादरीवरून एक उंदीर सरळ पळत गेला. आईच्या पावलावरून गेला. आईला कळलंसुद्धा नाही, ती बोलतच होती.

ताईचा चेहरा पांढरा पडला. मला स्वयंपाकघरात बोलावून ती हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या रविवारी येते. घरात एक जरी लेंडी दिसली, एक जरी भोक दिसलं, तर आईला घेऊन जाते. मग तू कितीही आदळआपट कर."

"माझं कामच आहे ते, ताई."

"म्हणूनच लाज वाटायला हवी तुला."

तिचं चूक नव्हतं. पण तिच्या घरी आई कशी राहणार हे मला माहीत होतं, कारण मागे एकदा दोन महिने राहून आली होती. चौथा मजला, मागची खोली, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. सकाळी आठला सगळे आपापल्या कामाला, बाहेरून कुलूप. परत आणली तेव्हा ती बोलायचीच विसरल्यासारखी झाली होती. ताई गेल्यावर आई मला म्हणाली, "मी जायची नाही हं." मी म्हटलं, "तुला कोण नेतंय?" आणि खरं सांगायचं तर मलाही ती हवी होती. पन्नाशीच्या पुरुषानं असं बोलू नये म्हणतात, पण त्या घरात तिच्याशिवाय राहायची कल्पना मला सहन होत नव्हती.

सोमवारपासून बुधवारपर्यंत मी बाहेरची सगळी कामं बाजूला ठेवून आमचंच घर हाती घेतलं. एकवीस भोकं निघाली. डाळतांदूळ, पाव, बिस्किटं, साबणाच्या वड्यासुद्धा पत्र्याच्या डब्यांत गेल्या. बादल्यांवर झाकणं आली. आई पलंगावरून हुकूम सोडत होती, "त्या कपाटामागे बघितलंस का? की तिथे आपोआप बुजणार आहे?" शेवटचं भोक मी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठेवलं, झडप लावली, पीठ टाकलं. गुरुवारी सकाळी पिठावर पावलं होती, सगळी झडपेकडे जाणारी. शुक्रवारी पीठ कोरं.

पहिली कोरी सकाळ. नियमानं शनिवार आणि रविवार जायला हवे होते. पण रविवारी दहाला ताई येणार, जमिनीवर पीठ बघणार, ओट्याखालचं भोक बघणार, आणि नियम वगैरे ऐकून घेणारी ती नाही. शिवाय मला वाटलं, हे माझं घर आहे, इथली वीट न् वीट मला ठाऊक आहे. शुक्रवारी दुपारी मी झडप काढली आणि भोक बुजवलं. गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

शनिवारी औषधांच्या एका गोदामात काम होतं. सकाळी नऊला गेलो, साडेपाचला आलो. आई पलंगावर बसली होती, पायात लोकरीचे मोजे. अंगावरची चादर बदललेली, जुनी बादलीत भिजत घातलेली.

"हे काय? तू कशाला उठलीस?"

"चहा सांडला रे. भिंतीला धरून गेले न्हाणीपर्यंत. काही होत नाही मला."

"आणि मोजे? एवढ्या उकाड्यात?"

"गार पडतायत पाय. आणि आज बघत बसू नकोस. मी बघितलेत आरशात, मलमही लावलंय. तू दमलायस."

मी दमलो होतो. बरं झालं, असंच वाटलं मला. चार वर्षांत पहिल्यांदा सुट्टी मिळाली म्हणून मी मजेत जेवलो.

जेवण झाल्यावर कपाटामागे खुडबुड ऐकू आली. एक आत राहिला होता. माझ्या अंगावर काटा आला, पण ताई यायला अजून वेळ होता. कपाट ओढलं, कोपऱ्यात गाठला, फळीनं एका फटक्यात संपवला. शेपटीला धरून बाहेर नेताना मला एक गोष्ट खटकली. गुरुवारपासून घरात दाणा नव्हता. दोन दिवस उपाशी उंदराची कूस आत गेलेली असते, बरगड्या हाताला लागतात. याचं पोट टम्म होतं. मी तिथे दारात उभा राहून विचार केला, यानं खाल्लं काय? मग ठरवलं, न्हाणीतली साबणाची चिपटी राहिली असेल. आत आलो. आईला म्हटलं, "एक होता, गेला." ती म्हणाली, "बरं झालं मेल्याचं." तिनं पांघरूण पायांवर ओढून घेतलं. उंदराला घाबरली असेल, असं समजून मी तिला चिडवलंसुद्धा.

रविवारी ताईनं घर पालथं घातलं. ओट्याखाली वाकून बघितलं, गाद्या उचलून बघितल्या, न्हाणीत बॅटरी मारली. फक्त आईचा पलंग तेवढा राहिला, कारण आई त्यावर ऐसपैस बसून नातवाच्या परीक्षेची चौकशी करत होती. ताईनं शेवटी हात टेकले.

"चांगलं केलंयस," ती मला म्हणाली. मग आईकडे वळली. "दे पाय इकडे, मलम लावून देते."

"आत्ताच लावलंय त्यानं," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

मी लावलं नव्हतं. मला वाटलं, आई ताईला कटवते आहे. ताईच्या हाताचा तिला नेहमीच राग, फार रगडते म्हणायची. मी म्हटलं, "हो, आत्ताच लावलं." आम्ही दोघांनी मिळून ताईला गुंडाळलं, याची मला गंमत वाटली. ताई चारला गेली. आई म्हणाली, "जिंकलो बाबा." आणि लगेच आडवी झाली. त्या संध्याकाळी आणि पुढच्या दोन्ही संध्याकाळी तिनं मला पाय बघू दिले नाहीत, मीच बघितलेत, लावलंय मलम, म्हणायची, आणि मलाही सुट्टीची सवय लागली.

वास बुधवारी आला.

मी दार उघडलं आणि पहिल्या श्वासाला ओळखला. गोडसर, जड, घशात बसणारा. या वासावर मी पोट भरतो. म्हटलं, म्हणजे दोन होते. दुसरा कुठेतरी भिंतीत मेला. स्वतःची लाज वाटली, पण रविवार पार पडला होता, आता फक्त निस्तरायचं होतं.

"आई, तुला वास येतोय का गं?"

"येतोय. त्या कोपऱ्यातून," तिनं समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "कपाटामागून."

मी कपाट काढलं. गिलावा खरवडला. काही नाही. गुरुवारी कामाला दांडी मारली आणि मागच्या आठवड्यात बुजवलेली भोकं एकामागून एक फोडली. माझंच काच घातलेलं सिमेंट, छिन्नीला दाद देईना, बोटं रक्ताळली. आई पलंगावरून बघत होती. ती जेवत नव्हती. तोंडाला चव नाही, म्हणाली. अंग कढत होतं. मी म्हटलं, या वासानंच असेल, कोणाला जेवण जाईल? खिडक्या उघडल्या, फिनेल ओतलं, लिंबाची सालं ठेवली. त्या दोन दिवसांत तिनं रस्त्यावरच्या एकाही माणसाची बातमी दिली नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी भिंत फोडण्यात गढलो होतो.

"राहू दे रे," ती गुरुवारी संध्याकाळी म्हणाली. "सुकून जाईल आपोआप. तूच सांगतोस ना लोकांना, आठ दिवसांत सुकतो म्हणून."

शुक्रवारी सकाळी मी भिंती सोडल्या आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. मध्यभागी उभा राहिलो, डोळे मिटले, मग गुडघ्यावर बसून नाकानं माग काढत निघालो. भिंतीपाशी वास कमी. दाराकडे कमी. खिडकीकडे वाढत गेला. पलंगाशी सर्वांत जास्त. म्हणजे गादीत शिरून मेलाय. अर्ध्या तासापूर्वी मी तिथेच बसून नाश्ता केला होता.

"आई, खुर्चीत बस जरा. गादी काढतो."

"नको रे. उद्या काढ."

"उद्या नाही, आत्ता."

"नको ना रे बाळा."

मी तिचं ऐकलं नाही. तिला उचललं. केवढीशी झाली होती. खुर्चीत बसवली, पायांवर पांघरूण दिलं आणि गादी उचलून उभी केली. खाली फळ्या, स्वच्छ. गादी चाचपली, वीतवीत दाबली, उसवली. आत नुसता कापूस. मग कापसाला नाक लावून मी थांबलो, कारण वास नव्हता. पलंगापाशी वासच नव्हता. होता, पण जुना, विरलेला. मी मान वळवली. वास खुर्चीकडून येत होता.

आई माझ्याकडे बघत होती. तिनं पांघरूण घट्ट धरलं होतं.

डावा मोजा पायाला चिकटला होता. मी कोमट पाण्यानं भिजवून सोडवला. आत उशीच्या अभ्र्याची पट्टी गुंडाळलेली, काळी पडलेली. पट्टीच्या आत अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं जिथे असायला हवी होती तिथे जे होतं ते मी लिहीत नाही. वर घोट्यापर्यंत पाय निळा-हिरवा. दातांच्या खुणा मला ओळखू येतात. माझं कामच आहे ते.

दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत तिनं सांगितलं. शनिवारी दुपारी तिचा डोळा लागला होता. जाग आली ती ओलं लागल्यामुळे, हाताला. उठून बघितलं तर चादर लाल आणि तो पायथ्याशी बसून होता, पळतसुद्धा नव्हता.

"दुखलं नाही रे मला. अजिबात नाही. म्हटलं, रविवार जाऊ दे, मग सांगते."

"मग सोमवारी का नाही सांगितलंस?" मी ओरडलो. त्या अवस्थेतल्या बाईवर मी ओरडलो.

"तू एवढी मेहनत केलीस," ती म्हणाली. "तुझ्या हातून राहिला म्हणून कळलं असतं तर तू जिवाला लावून घेतलं असतंस. म्हटलं, भरून येईल."

पाय गुडघ्याखालून काढला. तोवर विष रक्तात गेलं होतं. सर्जननी मला बाहेर बोलावून विचारलं, जखम कधीची? मी म्हटलं, शनिवारची. त्यांनी कागदावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तारीख लिहून घेतली. सहाव्या दिवशी पहाटे ती गेली. शेवटचे दोन दिवस शुद्धीत नव्हती. त्याआधी एकदाच तिनं मला विचारलं होतं, ताई रागावली का रे तुझ्यावर?

ताई रागावली नव्हती. दवाखान्यात तिनं मला चकार शब्दानं विचारलं नाही. सगळं उरकल्यावर आम्ही दोघं घरी आलो. खोलीत भिंती फोडलेल्या तशाच, विटा उघड्या, जमिनीवर सिमेंटचे तुकडे, उसवलेली गादी. ताई पलंगाच्या फळ्यांवर बसली आणि तिनं एकेका भोकाकडे बघितलं. मोजत असावी.

"पाच-सहा दिवस," ती म्हणाली. "एकाच घरात राहत होतात तुम्ही. मला खरं सांग. तुला वास आला नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. फिनेलनं नाक गेलंय म्हणालो असतो तर तिनं मानलं असतं.

"आला," मी म्हणालो. "बुधवारीच आला. मी उंदीर शोधत होतो."